सूत आणि मायक्रॉन

प्रस्तावना

एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तीन मिलिमीटरहून जरासं जास्त. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात सुतार आजही याच मापात बोलतात. ‘‘फळी दोन सूत जास्त आहे, रंधा मार,’’ असं मिस्त्री म्हणाला की पोऱ्याला बरोबर कळतं. तिथून रिक्षा करून अंबरनाथच्या एमआयडीसीत जा. टूलरूममध्ये सूत कुणाच्या तोंडी नाही. तिथे हातात व्हर्निअर असतो, तो मिलिमीटरचा पन्नासावा भाग दाखवतो, आणि बोलणं मायक्रॉनमध्ये चालतं. एका सुतात तीन हजारांहून जास्त मायक्रॉन बसतात.

मी दोन्ही मापांत काम केलं आहे. सुरुवातीची सहा वर्षं टूलरूमच्या ड्रॉइंग ऑफिसात गेली, पुढची सगळी लोकांच्या घरांत. म्हणूनच असेल, दरवर्षी निकाल लागले की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरची मुलं आईवडिलांना घेऊन माझ्याकडे येतात. ‘‘ताई, इंटिरिअर करू की इंडस्ट्रियल?’’ हा मुलांचा प्रश्न. ‘‘स्कोप कशाला आहे?’’ हा आईवडिलांचा. पहिली काही वर्षं मी स्कोपचंच उत्तर देत राहिले. पण त्या उत्तरावर विसंबून गेलेली काही मुलं दोन वर्षांनी परत आली. हुशार, मेहनती मुलं, पण चुकीच्या वर्गात बसलेली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की स्कोपच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा होता: तुला कुठल्या प्रकारच्या चुकीची जबाबदारी घ्यायला जमेल?

हा प्रश्न विचित्र वाटेल, पण दोन्ही क्षेत्रांतला खरा फरक मला तिथेच दिसतो. माझ्याच दोन चुका सांगते.

बदलापूर पूर्वेला एका वन-बीएचकेचं काम होतं. आजी, आईवडील आणि दोन मुलं. हॉल दहा बाय पंधरा. खिडकीखाली मुलांचं अभ्यासाचं टेबल, वर पुस्तकांचे कप्पे, असं मी ड्रॉइंग केलं. घरातल्या सगळ्यांना ते आवडलं. तिसऱ्यांदा साइटवर गेले ती दुपारी दोन वाजता, एरवी मी संध्याकाळी जायची. आजी खिडकीशी खाली बसून मेथी निवडत होत्या. त्यांची पाठ भिंतीला आणि नजर बाहेर चंदेरीच्या डोंगराकडे. मी जिथे टेबल आखलं होतं, तिथेच त्यांची दुपार होती. त्यांनी तक्रार केली नव्हती, कारण त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. प्लाय कापायला सुरुवात झाली होती तरी मी टेबल शेजारच्या भिंतीवर नेलं आणि खिडकीखाली दीड फूट उंचीचा बसका कट्टा केला, आत खण ठेवून. तिथली भिंत काटकोनात नव्हती. एका टोकाला दोन सूत फट राहिली. मिस्त्रींनी सागाची पट्टी मारून ती झाकली. चूक एका घरात झाली, त्याच घरात सुधारली, आणि तिची किंमत एक प्लायचा तुकडा आणि माझे दोन दिवस एवढीच होती.

दुसरी चूक त्याच्या बरीच आधीची, टूलरूममधली. डब्याच्या झाकणाला बाजूने बसणारी प्लास्टिकची क्लिप होती. तिचं ड्रॉइंग माझं. क्लिप जिथे झाकणाला जोडली जाते तो आतला कोपरा मी धारदार काढला, कारण कागदावर तो नीटनेटका दिसत होता. डाय, म्हणजे साचा, कापला गेला, मशीनवर चढला, ट्रायलचे पहिले नग बाहेर आले. दिसायला छान. आमच्याकडे एक ज्येष्ठ टूलमेकर होते. त्यांनी एक झाकण घेतलं आणि काही न बोलता क्लिप उघडत-मिटत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी ते उजेडात धरून मला दाखवलं. क्लिपच्या मुळाशी केसाएवढी पांढरी रेघ उमटली होती. सगळा ताण त्या धारेवर एकवटत होता. आणखी थोडी उघडझाप केल्यावर क्लिप हातात आली. ‘‘हे झाकण बाजारात गेलं असतं तर अशा रेघा किती घरांत उमटल्या असत्या, मोज,’’ ते म्हणाले. कोपऱ्याला अर्ध्या मिलिमीटरची गोलाई दिली आणि प्रश्न मिटला. तेवढ्यावर निभावलं त्याचं कारणही त्यांनीच समजावलं. प्लास्टिक वाढवायचं तर डायमधलं स्टील काढावं लागतं, ते जमतं. प्लास्टिक कमी करायचं असतं तर डायमध्ये स्टील भरावं लागलं असतं, वेल्डिंग करून पुन्हा घासावं लागलं असतं, आणि खर्च व दिवस कितीतरी वाढले असते. डबा-झाकण काढणाऱ्या प्रत्येकाला हे आधी कळायला हवं, आणि मला ते चूक झाल्यावर कळलं.

पहिल्या चुकीत मी एका माणसाकडे नीट पाहिलं नव्हतं. दुसऱ्या चुकीत मी वस्तूकडे नीट पाहिलं नव्हतं, आणि ती वस्तू ज्यांच्या हातात जाणार होती त्यांची तोंडं मला कधीच दिसणार नव्हती. इंटिरिअर डिझायनरचं उत्तरदायित्व ओळखीच्या माणसांपाशी असतं. ती फोन करतात, रागावतात, सणाला फराळाला बोलावतात. इंडस्ट्रियल डिझायनरचं उत्तरदायित्व अनोळखी हजारोंपाशी असतं. त्यांच्यासाठी काळजी आधीच, सगळी, ड्रॉइंगमध्ये घालून ठेवावी लागते, कारण एकदा डाय चालू झाला की तो तुमची हुशारीही छापतो आणि चूकही. कुणाचा पिंड पहिल्या प्रकारचा असतो, कुणाचा दुसऱ्या. ही पुस्तिका आपला पिंड ओळखण्यासाठी आहे.

दोन शब्दांची गोष्ट आधी करायला हवी, कारण निम्मा गोंधळ तिथे आहे. इंटिरिअरला आपण ‘अंतर्गत सजावट’ म्हणतो. ‘सजावट’ म्हटलं की पडदे, रंग, गणपतीची आरास डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात पडद्यापर्यंत पोचायच्या आधी वायरिंगचे पॉइंट, पाण्याच्या लाइन, ओट्याची उंची, दार कुठल्या बाजूला उघडणार, उजेड कुठून येणार हे ठरलेलं असावं लागतं. ओटा सर्रास बत्तीस ते चौतीस इंचांचा करतात. पण त्या घरातली स्वयंपाक करणारी बाई चार फूट दहा इंचांची असेल तर तो दोन इंचांनी उतरवला नाही तर तिचे खांदे रोज दुखणार. हे सजावटीच्या कक्षेत कुठे बसतं? ‘इंडस्ट्रियल’चं उलट होतं. ऐकताच बॉयलर, भोंगा, हेल्मेट दिसतं, आणि पालकांना वाटतं मुलगा कारखान्यात कामाला लागणार. खरं तर कारखान्यात बनणारी वस्तू माणसाच्या हाताशी, डोळ्याशी, सवयीशी जुळवणं हे ते काम आहे. मशीनच्या आतलं इंजिनिअर पाहतो. मशीन आणि माणूस जिथे एकमेकांना भेटतात ती जागा डिझायनरची.

त्या जागेचं एक उदाहरण अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाने हाताळलं आहे. मतदान यंत्र. त्याची इलेक्ट्रॉनिक बाजू सरकारी कंपन्यांनी सांभाळली, आणि त्याच्या रचनेवर पवईच्या आयआयटीतल्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमधले प्राध्यापक ए. जी. राव आणि रवी पूवैया यांनी काम केलं. चिन्हासमोर निळं बटण, दाबलं की शेजारी लाल दिवा, आणि खोलीभर ऐकू जाणारा लांब आवाज. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही मत दिलं गेल्याची खात्री पटते. अशा एखाद्या आजोबांना डिझायनर कधी भेटला नाही, पण त्याने त्यांचा विचार केला होता.

आणखी जवळचं उदाहरण रोजच्या लोकलमधलं. तीन माणसांसाठी आखलेल्या बाकावर आपण ‘चौथी सीट’ मागतो आणि अर्ध्या मांडीवर कल्याणपर्यंत जातो. बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर ६८ किलोमीटरचं. एवढ्या वाटेवर चौथ्या माणसाचा पाय कुठे टेकतो, त्याची पाठ कशाला लागते, उभ्या बाईच्या हाताला कडी पोचते का, हे ज्याच्या मनात आपोआप येतं, त्याने इंडस्ट्रियलचा विचार जरूर करावा. त्याच गाडीत एखाद्याला डब्याकडे पाहून वाटतं की दाराशी गर्दी तुंबते आणि आत जागा रिकामी राहते, म्हणजे आतली मांडणीच चुकली आहे. त्याचं मन जागेत रमतं, वस्तूत नाही.

ही तीन शहरं या विषयाच्या अभ्यासासाठी उत्तम का आहेत, हे मला इथे आवर्जून सांगायचं आहे. आपली मुलं शिकायला दूर जायचं स्वप्न पाहतात, ते चांगलंच आहे. पण दाराशी जे आहे ते बघून जावं.

उल्हासनगरपासून सुरुवात करू. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती, कल्याण कॅम्प. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख माणसांना त्या रिकाम्या छावणीत जागा मिळाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीचा पाया घातला गेला आणि उल्हासनगर हे नाव मिळालं. सैनिकांना रांगेने झोपण्यासाठी बांधलेल्या लांबलचक बराकी, आणि त्यांत अचानक संसार. एकाच छपराखाली अनेक कुटुंबं, मध्ये आडोसे. चूल कुठे मांडायची, नव्या सुनेने कपडे कुठे बदलायचे, देव कुठल्या कोपऱ्यात ठेवायचे, पाहुणा आला तर बसवायचा कुठे. सगळं गमावून आलेल्या बायकांनी हे प्रश्न सोडवले. माझ्या मते आपल्या भागातलं सगळ्यात मोठं इंटिरिअरचं काम ते होतं, आणि ते करणाऱ्यांपैकी कुणाच्याही हातात पदविका नव्हती. आजही इथल्या पत्त्यांत कॅम्प, सेक्शन आणि बराक नंबर लिहितात. इंटिरिअर शिकणाऱ्या मुलाने जुन्या बराकीत वाढलेल्या एखाद्या आजीला विचारून तिची खोली कागदावर काढावी. जागा कमी असताना माणसं तिची वाटणी कशी करतात, हे त्या एका चित्रातून कळेल.

त्याच माणसांनी पुढे व्यापार उभा केला. जीन्स, कापड, कन्फेक्शनरी, आणि फर्निचर. फर्निचर बाजारात एक फेरी मारली तरी दिवाण, बॉक्स बेड, शोकेस, देव्हारे, हायड्रॉलिकचे पलंग यांची रांग दिसते. मागच्या बाजूला गाळ्यांत आठ बाय चारचे प्लाय रचलेले असतात, सनमायका चिकटवल्यावर वर वजन ठेवून दाबलेले असतात, फेविकॉलचा वास भरून राहिलेला असतो.

अंबरनाथची ओळख वेगळी. इथे स्वीडिश मॅच कंपनीची विमको आली आणि काड्यापेट्या देशभर जाऊ लागल्या. काड्यापेटीकडे डिझाइन म्हणून कुणी पाहतं का? बाहेरची पुठ्ठ्याची कवची, आत सरकणारा खण, बाजूला घासायची पट्टी. अंधारात, ओल्या हाताने, एका अंगठ्याने उघडते. निम्मी उघडली तरी सगळ्या काड्या सांडत नाहीत. कारखाना थांबला, पण विमको नाका हे नाव राहिलं. ऑर्डनन्स फॅक्टरी आली, आणि तिच्या जोडीला मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी. या दुसऱ्या कारखान्याच्या नावातच ‘प्रोटोटाइप’ आहे. प्रोटोटाइप म्हणजे पहिला नमुना. हजारो नग काढण्याआधी जो एक करून, वापरून, तपासून, मोडून बघतात तो. इंडस्ट्रियल डिझाइनच्या शिक्षणाचा तो गाभा. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि नंतरच्या काळात इथे औद्योगिक क्षेत्र पसरत गेलं. त्याच महामंडळाने बदलापूरजवळ बारवी धरण बांधलं. आज आनंदनगरच्या एमआयडीसीत पत्रा वाकवणारे, प्लास्टिक ओतणारे, डाय कापणारे छोटे छोटे कारखाने शेजारी शेजारी आहेत.

आणि त्याच अंबरनाथमध्ये शिवमंदिर आहे. शिलालेखातला शक ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. शिलाहारांच्या काळातलं हे मंदिर मुलं सहलीत पाहतात, बाहेरच्या मूर्तींचे फोटो काढतात आणि निघतात. मी इंटिरिअरच्या मुलांना सांगते, मूर्ती नंतर पाहा. आधी सभामंडपातून गाभाऱ्यात उतरा. उतरा हाच शब्द बरोबर आहे, कारण गाभारा खाली आहे आणि पायऱ्या उतरून जावं लागतं. उजेड मागे राहतो, पावलं आपोआप हळू होतात, दगडाचा गारवा अंगाला लागतो, आवाज खाली येतो. आणि खाली पोचल्यावर वर पाहिलं तर शिखर उघडं, थेट आभाळ. रंग नाही, पडदा नाही, दिवा नाही. फक्त उंची, उजेड आणि पायऱ्या. जागेची रचना माणसाच्या मनावर काय करू शकते याचा इतका स्वच्छ धडा मला दुसरीकडे मिळाला नाही.

बदलापूर या तिघांत सगळ्यात नवं वाढतंय. कुळगावच्या दोन्ही बाजूंना टॉवर उभे राहिले, आणि मुंबईत न परवडलेलं पहिलं घर हजारो कुटुंबांनी इथे घेतलं. इंटिरिअरला काम आहे ते इथे, आणि त्यात कसबही लागतं. साडेतीनशे-चारशे चौरस फुटांत तीन पिढ्या बसवायच्या आहेत. पाडव्याला किंवा अक्षय्य तृतीयेला गृहप्रवेश ठरलेला आहे, कर्जाचा हप्ता सुरू झाला आहे, आणि हातात उरलेल्या पैशांत सगळं करायचं आहे. शिवाय उल्हास नदी शेजारी. २६ जुलै २००५चा पूर इथल्या लोकांच्या अंगावर काटा आणतो. २७ जुलै २०१९ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजाराच्या वर प्रवासी सोडवावे लागले, तेव्हा गावातल्या तळमजल्यांचे हाल बातम्यांत फारसे आले नाहीत. पाणी ओसरल्यावर मी काही घरं पाहिली. पार्टिकल बोर्डाची कपाटं खालून पावासारखी फुगली होती. नदीकाठच्या तळमजल्यावर काम करणाऱ्या डिझायनरला साधा प्लाय, पाण्याला टिकणारा प्लाय आणि मरीन प्लाय यांतला फरक पाठ हवा. खालचे कप्पे स्टीलच्या पायांवर उचललेले हवेत, प्लगचे पॉइंट वर घेतलेले हवेत. हे कुठल्याही चकचकीत मासिकात दाखवत नाहीत, पण बदलापूरच्या घराला त्याचीच गरज आहे.

नदीचा विषय निघाला म्हणून वालधुनीचंही बोलायला हवं. शिवमंदिराच्या पायाशी वाहणारी ही नदी पुढे उल्हासनगरातून जाते, आणि कारखान्यांचं, रंगकामाचं सांडपाणी तिच्यात गेल्याने तिचं काय झालं हे आपण पुलावरून जाताना नाक दाबून रोज अनुभवतो. डिझायनर कुठला लेप, कुठला रंग, कुठलं प्लास्टिक निवडतो, यातला थोडा भाग शेवटी अशाच एखाद्या पाण्यात जातो. दोन्ही क्षेत्रांतल्या मुलांनी ही जाणीव शिकण्याच्या पहिल्या दिवसापासून बाळगावी, असं माझं कळकळीचं म्हणणं आहे.

आता पालकांच्या मनातल्या एका गोष्टीविषयी. ‘‘मुलगी आहे, इंटिरिअर बरं. घरबसल्या करता येईल.’’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्यासाठी मला स्वतंत्र परिच्छेद लागतो. इंटिरिअर घरबसल्या होत नाही. सोसायटीने आवाजाच्या कामाला ठरावीक तासच दिलेले असतात, टाइल्सचा टेम्पो अवेळी येतो, पाच कारागिरांकडून काम करून घ्यायचं असतं, पैसे थकवणाऱ्याकडे चार खेपा घालाव्या लागतात. दुसरीकडे टूलरूममध्ये मी एकटी मुलगी होते तेव्हा डायचं ड्रॉइंग बाईने काढलं की पुरुषाने, याने डायला काही फरक पडला नाही. मुलीला इंडस्ट्रियल हवं असेल तर तिला अडवू नका, आणि मुलाला घरं रचण्यात गोडी असेल तर त्याला ‘हे बायकी काम’ म्हणून हिणवू नका.

चित्रकलेत गोडी पण रंगांची भीती, म्हणून ‘डिझाइन आपलं नाही’ असं म्हणणाऱ्या मुलांना मी लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगते. चित्रकार व्हायला ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आले. रंगांधळेपणामुळे रंगकाम सोडावं लागलं. यांत्रिक रेखाटन मात्र हातात बसलं, आणि ते व्हीजेटीआयमध्ये तेच शिकवू लागले. पुढे बेळगावला सायकलीचं दुकान, कडबा कापायचं यंत्र, आणि १९०३ साली लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत, त्यामुळे पहिले नांगर खपायला फार वेळ लागला. वस्तू चांगली असून भागत नाही, वापरणाऱ्याच्या मनातली भीतीही वस्तू घडवणाऱ्याने समजून घ्यावी लागते, हा इंडस्ट्रियल डिझाइनचा धडा त्या नांगराने आपल्याकडे फार लवकर शिकवला. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. एक दार बंद झालं म्हणून त्यांनी रेघ सोडली नाही.

शिक्षणाची सविस्तर माहिती पुढे एका प्रकरणात आहे. इथे फक्त नकाशा देते. अमेरिकन डिझायनर चार्ल्स आणि रे ईम्स यांनी १९५८ साली भारत सरकारला एक अहवाल दिला. त्यात आपल्या साध्या लोट्याचा त्यांनी फार आदराने विचार केला होता: तो कमरेवर कसा बसतो, हातात कसा धरला जातो, त्यातून पाणी कसं पडतं, रिकामा असताना आणि भरल्यावर तोल कसा राहतो. त्या अहवालामागोमाग १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, सुरू झाली. १९६९ साली पवईच्या आयआयटीत इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर निघालं, जे. जे.मध्ये आणि मग जर्मनीतल्या उल्मच्या डिझाइन शाळेत शिकलेल्या सुधाकर नाडकर्णींनी त्याच्या उभारणीत मोठा वाटा उचलला. आज तिथे बारावीनंतर बी.डेस. करता येतं, त्यासाठी यूसीड ही परीक्षा असते, आणि ती कला, वाणिज्य, विज्ञान कुठल्याही शाखेच्या मुलांना देता येते. हे शेवटचं वाक्य पालकांनी दोनदा वाचावं, कारण ‘सायन्स नाही म्हणजे इंडस्ट्रियल नाही’ या समजुतीने कितीतरी मुलं अर्जच करत नाहीत. पुण्याकडे लोणी काळभोरला एमआयटीची डिझाइन संस्था आहे.

इंटिरिअरसाठी वाटा जास्त आणि त्यांतलं अंतरही जास्त. प्रभादेवीची रचना संसद, जे. जे., तंत्रनिकेतनांतल्या पदविका, आणि गल्लोगल्ली निघालेले सहा महिन्यांचे वर्ग. कायद्याची एक गोष्ट इथे ध्यानात ठेवा. १९७२च्या वास्तुविशारद कायद्यानुसार नोंदणी केल्याशिवाय कुणालाही ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घेता येत नाही. इंटिरिअर डिझायनरसाठी असा कायदा नाही. त्यामुळे पाटी कुणीही लावू शकतं, आणि म्हणूनच चांगलं शिकलेल्याने आपलं शिक्षण कामातून दाखवावं लागतं. भिंत पाडण्याआधी ती भार पेलणारी आहे का हे ज्याला कळत नाही, त्याने भिंतीला हात लावू नये, एवढं भान वर्ग निवडतानाच तपासा. इंडस्ट्रियलवाल्यांसाठी दुसरा कायदा उपयोगाचा, २००० सालचा डिझाइन कायदा. नव्या वस्तूच्या रूपाची नोंदणी केली तर दहा वर्षं, आणि वाढवून आणखी पाच वर्षं संरक्षण मिळतं. आपल्या एमआयडीसीतल्या छोट्या कारखानदाराला हे सांगणारा डिझायनर भेटला, तर त्याचा नमुना दुसऱ्याने उचलायचा राहील.

पोटापाण्याचं खरं चित्र लपवायचं नाही. इंटिरिअरमध्ये काम इथेच, लवकर मिळतं, ओळखीतून वाढतं. पण पैसा टप्प्याटप्प्याने येतो आणि शेवटचा टप्पा बऱ्याचदा अडकतो. इंडस्ट्रियलमध्ये शिकायला जास्त वर्षं, प्रवेश अवघड, आणि नोकरी बहुधा पुण्यात, मुंबईत किंवा बंगळुरूत. आपल्याकडच्या छोट्या कारखान्यांत ‘डिझायनर’ नावाची खुर्ची सहसा नसते. मालक आणि टूलमेकर मिळून ठरवतात, किंवा गिऱ्हाईकाने दिलेल्या नमुन्याची नक्कल होते. मी याच्याकडे उणीव म्हणून पाहते आणि संधी म्हणूनही. त्या क्लिपच्या कोपऱ्यावर आधी विचार करणारं माणूस असेल तर छोट्या कारखान्याचाही डाय वाचतो.

या दोन वाटांच्या मध्ये फर्निचर आहे, आणि माझ्या मते आपल्या तीन शहरांसाठी सगळ्यात मोलाची जागा तीच. काही वर्षांपूर्वी मी माझ्या घरासाठी एका दुकानातून तीन पल्ल्यांचं तयार कपाट घेतलं. दुकानात सुरेख. चौथ्या मजल्याच्या जिन्याच्या वळणावर ते अडकलं. लिफ्टमध्ये मावत नव्हतं, वळणावर फिरत नव्हतं. चार हमालांनी तासभर खटपट केली, कठड्याचा रंग गेला, आणि शेवटी कपाटाची पाठ उचकटून ते वर न्यावं लागलं. ते कपाट करणारा कारागीर उत्तम होता, ज्या खोलीत ते जायचं ती खोलीही मी उत्तम रचली होती. मधला जिना कुणीच मोजला नव्हता. कपाट सुट्या भागांत जाईल, वर नेऊन एका पान्याने जोडता येईल, पुन्हा घर बदलताना न मोडता सुटेल, असा विचार करायला घर ओळखणारा आणि कारखाना ओळखणारा असा दोन्हींकडचा माणूस लागतो. उल्हासनगरचा बाजार, अंबरनाथचा पत्रा आणि डाय, बदलापूरची छोटी घरं एकमेकांपासून काही स्टेशनांवर आहेत. त्यांना जोडणारी डिझायनर मंडळी फार थोडी आहेत.

पुस्तिकेची मांडणी अशी. पहिल्या भागात घर: मोजमाप, उजेड, ओटा, साठवण, गिऱ्हाईकाशी बोलणं, हिशेब. दुसऱ्या भागात वस्तू: पत्रा, प्लास्टिक, नमुना, चाचणी, वापरणाऱ्याचं निरीक्षण. तिसरा भाग फर्निचरचा. चौथ्यात प्रवेशपरीक्षा, पोर्टफोलिओ आणि खर्चाचा विचार. प्रत्येक भागाच्या शेवटी हाताने करायची कामं दिली आहेत आणि ती वगळून पुढे जाऊ नये अशी विनंती आहे.

त्यांतली दोन कामं मात्र पहिलं पान उलटायच्या आधी करा. एक: आपलं घर टेपने मोजून एका फुटाला अर्धा इंच या प्रमाणात कागदावर काढा, आणि तीन दिवस दर दोन तासांनी घरातलं कोण कुठे बसलं आहे याची त्यावर खूण करा. मग कुणाचीही जागा न हिरावता एक गोष्ट हलवून दाखवा. दोन: रोजच्या वापरातली एक वस्तू घ्या, गॅसचा लायटर, पाण्याच्या बाटलीचं झाकण, छत्रीची मूठ. ती वापरताना पाच माणसांचे हात पाहा, कुठे अडतं ते लिहा, आणि पुठ्ठ्यात किंवा मातीत तिचे दहा वेगळे नमुने करा. दोन्ही कामांत पहिला प्रयत्न फसेल. दुसराही फसेल. तिसऱ्यांदा कुठल्या कामाकडे तुमचा हात कुणी न सांगता वळला, तेवढं लक्षात ठेवा आणि मग माझ्याकडे या. आईवडिलांनाही घेऊन या. स्कोपचं बोलणं तेव्हा करू.

ज्या मिस्त्रींनी माझी वाकडी भिंत सावरली आणि ज्या टूलमेकरनी मला पांढरी रेघ दाखवली, त्या दोघांनाही डिझाइनच्या कुठल्या वर्गात कुणी शिकवायला बोलावलं नाही. या पुस्तिकेतलं जे कामाचं आहे ते बरंचसं त्यांच्याकडून आलेलं आहे. टूलरूम सोडताना त्या टूलमेकरनी मला ते तुटकं झाकण दिलं होतं. ते अजून माझ्या टेबलावर, टेपच्या शेजारी असतं. प्रश्न घेऊन येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातात मी आधी ते ठेवते, आणि तो ते उजेडाकडे धरतो का, एवढंच पाहते.

अंबरनाथ
गुढीपाडवा